नऊ मीटरवरची किणकिण, दीडशे मीटरवरची टणटण

हे प्रकरण माझ्या स्वतःच्या झोपेचं आहे. सविस्तर लिहायचं कारण असं की ज्या आवाजाने मी रात्री जागी होत होते, त्याचा दोष मी जवळजवळ तीन महिने चुकीच्या वस्तूला दिला, आणि त्यापायी चुकीच्या माणसाला. वाऱ्यावर वाजणाऱ्या वस्तूंच्या शेजारी राहणाऱ्या कुणाचीही अशी गफलत होऊ शकते.

आधी जागा समजून घ्यायला हवी. दोन जोडघरं, मधली भिंत एकच. एका घरात मी आणि माझा नवरा, दुसऱ्यात सत्तरी ओलांडलेल्या काकू, एकट्या. घरांची पुढची बाजू समुद्राकडे, मागची खाडीकडे. काकूंच्या पुढच्या ओसरीत विंड चाइम टांगलेली: लाकडी चकतीखाली अ‍ॅल्युमिनियमच्या लांब-आखूड आठ नळ्या, मधोमध लाकडी लोलक, आणि त्याच्याखाली वारा धरणारी पट्टी. माझ्या उशीपासून ती नऊ मीटरवर होती. नंतर टेप लावून मोजलं. मागच्या बाजूला खाडीत तरंगता धक्का आणि त्याला बांधलेल्या वीसेक शिडाच्या होड्या. सर्वात जवळच्या होड्यांची रांग माझ्या खिडकीपासून सुमारे दीडशे मीटरवर.

आम्ही राहायला आलो ते दिवस पडलेल्या वाऱ्याचे होते. वारा धरला तशी मी रात्री दोन, तीन, चारच्या सुमारास दचकून उठायला लागले. डोळे उघडले की कानात धातूचा आवाज. टण. मग शांतता. मग टण-टण. मग इतकी लांब शांतता की वाटावं, थांबलं. आणि डोळा लागतोय तोच पुन्हा टण. शेजारी नवरा गाढ झोपलेला. त्याला सकाळी विचारलं तर म्हणायचा, "वारा होता खरा."

धातूचा आवाज म्हटल्यावर मला एकच वस्तू दिसली. रोज संध्याकाळी मी समोरच्या खोलीत कामाला बसायचे तेव्हा ती डोळ्यांसमोर हलायची, वाजायची. आवाजाला चेहरा मिळाला की मन पुढचा तपास करत नाही. माझंही तसंच झालं.

पहिलं बोलणं

कानात फोमचे बोळे घालून पाहिले. किणकिण कमी झाली, ठोका तसाच राहिला. असे बोळे उंच स्वर जास्त अडवतात, खालचे कमी, हे तेव्हाच लक्षात घेतलं असतं तर निम्मा तपास तिथेच झाला असता. खिडकी बंद केली, तर उकाड्याने झोप गेली. शेवटी एका सकाळी, रात्री तीनदा उठल्यानंतर, तडक काकूंकडे गेले.

"काकू, रात्रभर तुमची ती विंड चाइम वाजते. झोप लागत नाही हो."

त्या गोंधळल्या. "कुठे गं एवढी वाजते? मला तर जेमतेम ऐकू येते."

मला तो सरळ सरळ नकार वाटला. मी काहीतरी तोडून बोलले आणि परत फिरले. त्यानंतर आठ-दहा दिवस आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकींना टाळत राहिलो. त्यांच्या त्या वाक्यात या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची माहिती होती, ती मी ऐकूनच घेतली नव्हती.

नोंदवही

नवरा म्हणाला, "लिहून तरी ठेव, कधी वाजतं ते." भांडणात पुरावा होईल म्हणून मी वही घेतली. तीन रकाने: वेळ, वारा, आवाज कसा. वारा मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून ब्यूफोर्ट मापन वापरलं. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये ते जहाजांसाठी आखलं, जमिनीवरच्या खुणा त्याला पुढे जोडल्या गेल्या. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असल्या तर वारा तीन. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले तर चार. छोटी झाडं डोलायला लागली तर पाच. मोठ्या फांद्या हलतात, छत्री सांभाळणं अवघड होतं आणि तारा शिट्टी घालतात तेव्हा सहा. तारांची ती खूण मी वाचून पुढे गेले. तिच्याकडे परत यावं लागलं.

आवाजाच्या रकान्यात मी सुरुवातीला नुसतं "चाइम" लिहीत होते. चौथ्या-पाचव्या रात्री वाटलं, आवाजाचं वर्णन लिहावं, त्याचं नाव नको. हा बदल साधा दिसतो, पण सगळं त्यावर फिरलं. संध्याकाळच्या नोंदी अशा दिसायला लागल्या: "किणकिण, एकाहून जास्त स्वर, प्रत्येक स्वर लांबतो, एकमेकांत मिसळतो." पहाटेच्या नोंदी अशा: "टण. एकच स्वर. लगेच विरतो. मग दोन-तीन लागोपाठ." एकाच वस्तूची ही दोन वर्णनं असू शकत नव्हती.

तरी मला खात्री हवी होती. एका पहाटे तीनला टणटण ऐकू आल्यावर मी टॉर्च घेऊन खाली उतरले आणि काकूंच्या ओसरीसमोर उभी राहिले. विंड चाइम निश्चल लटकत होती. पट्टीसुद्धा हलत नव्हती. आणि घराच्या मागून, खाडीकडून, टण-टण येतच होतं.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. काकूंशी जे बोलले होते ते आठवत होतं.

एकाच वाऱ्याच्या दोन पाळ्या

किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, रात्री जमीन पाण्याच्या आधी थंड झाली की दिशा उलटते. आमच्याकडे संध्याकाळचा वारा थेट काकूंच्या ओसरीत शिरायचा. रात्रीचा वारा खाडीपलीकडून, होड्यांवरून, माझ्या मागच्या खिडकीकडे यायचा, आणि त्या वेळी ओसरी घराच्या आडोशाला असायची. म्हणजे चाइम संध्याकाळी वाजायची आणि रात्री उशिरा गप्प व्हायची. होड्यांचं टणटण दिवसभरही चालू असणार, पण दिवसा ते माझ्यापासून दूर वाहत होतं.

यातली दूर वाहण्याची गोष्ट शब्दशः खरी नाही, पण परिणाम तसाच होतो. जमिनीलगत वारा मंद असतो आणि वर जोरात. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज त्यामुळे खाली वळतो, वाऱ्याविरुद्ध जाणारा वर वळून डोक्यावरून निघून जातो. वारा मंद आणि आकाश निरभ्र असलेल्या रात्री आणखी एक गोष्ट होते: खालची हवा थंड, वरची उबदार. हवेच्या तापमानात एका अंशाची वाढ झाली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे वरच्या उबदार थरातून आवाज पुन्हा खाली झुकतो. मध्ये आवाज शोषणारं गवत किंवा झाडी नाही, सपाट पाणी आहे, आणि पाणी आवाज परत फेकतं.

नऊ मीटर आणि दीडशे मीटर हा फरक मला आधी फार मोठा वाटायचा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. नवावरून अठरा, छत्तीस, बहात्तर, एकशे चव्वेचाळीस: चार वेळा दुप्पट, म्हणजे चोवीस डेसिबल. तेवढं नुकसान सोसूनही होड्यांवरचा ठोका ऐकू येत होता, कारण पहाटे तीनला त्याच्या वाटेत दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

फोनवरच्या अ‍ॅपने मोजून पाहिलं. अशा अ‍ॅपच्या आकड्यावर नेमका भरवसा ठेवता येत नाही, पण एकाच फोनवर, एकाच जागी, दोन आवाजांची तुलना करायला ते पुरतं. सरासरी आकडा टणटण असलेल्या आणि नसलेल्या रात्री जवळपास सारखाच आला. प्रत्येक ठोक्याला मात्र काटा उडी मारायचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीसाठी दोन वेगळे आकडे का दिले, ते मला तेव्हा कळलं: सतत चालणाऱ्या आवाजासाठी ३० डेसिबल आणि एकेका सुट्या आवाजाच्या शिखरासाठी ४५. सरासरीत ठोके बुडून जातात. झोपलेल्या माणसाला सरासरी ऐकू येत नाही.

डोलकाठी नावाची नळी

आता प्रश्न असा की मला होड्यांवरचा आवाज विंड चाइमचा का वाटला? याचं उत्तर मला या सगळ्यात सर्वात आवडलेलं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आजच्या बहुतेक शिडाच्या होड्यांची डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची, पातळ भिंतीची, आतून पोकळ असते. शीड वर चढवायच्या दोरीला नाविक हॅलिअर्ड म्हणतात. ती डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीवरून खाली येते आणि कित्येक होड्यांवर डोलकाठीला समांतर, बाहेरून, उघडीच ताणलेली असते. वाऱ्याने ती झोके घेते आणि डोलकाठीवर आपटते. पोकळ धातूची नळी आणि तिच्यावर वाऱ्याने आदळणारी वस्तू! काकूंच्या ओसरीतही हेच होतं आणि खाडीतही हेच. माझा कान फसला नव्हता, त्याने जात बरोबर ओळखली होती, फक्त व्यक्ती चुकली होती.

फरक घडणीचा आहे. विंड चाइमची नळी दोन्ही टोकांना मोकळी असते आणि दोरा तिच्या टोकापासून लांबीच्या सुमारे २२.४ टक्क्यांवर ओवलेला असतो. नळी थरथरते तेव्हा नेमका तो बिंदू जागचा हलत नाही, म्हणून दोरा कंप गिळत नाही आणि स्वर लांबतो. डोलकाठी मात्र बुडाशी पक्की, दोन्ही बाजूंनी पोलादी तारांनी ताणलेली. तिचा स्वर लगेच मरतो. म्हणून एकीची किणकिण आणि दुसरीची टण.

नळीच्या लांबीचा नियमही सांगण्यासारखा आहे. त्याच जाडीची नळी निम्म्या लांबीची केली तर तिचा मूळ स्वर चौपट वारंवारतेचा होतो. काकूंच्या चाइममधली सर्वात लांब नळी ५० सेंटिमीटरची, सर्वात आखूड २५ ची. दोघींची जाडी सारखी, बावीस मिलिमीटर. हिशोब केला तर लांब नळीचा मूळ स्वर ५२० हर्ट्झच्या आसपास येतो आणि आखूड नळीचा २१०० च्या आसपास. शिवाय अशा नळीचा दुसरा स्वर मूळ स्वराच्या दुप्पट नसतो, सुमारे २.७६ पट असतो. आखूड नळीसाठी तो ५८०० च्या घरात जातो. माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटरची, ती ३००० हर्ट्झच्या आसपास आवाज आपसूक वाढवते. तरुण कान दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात सर्वात तीक्ष्ण असतो. आखूड नळ्यांची किणकिण माझ्या कानाच्या नेमक्या हळव्या जागी येत होती.

आणि वयाबरोबर श्रवणशक्ती उतरते ती आधी याच उंच स्वरांकडून. "मला तर जेमतेम ऐकू येते," असं काकू म्हणाल्या होत्या. त्या खरंच तेवढंच सांगत होत्या.

धक्क्यावर

वीस होड्यांपैकी वाजणारी कोणती, हे खिडकीतून कळेना. धक्क्याच्या राखणदाराला विचारून एका वाऱ्याच्या रात्री आम्ही दोघं तरंगत्या धक्क्यावरून चालत गेलो. शोधायची रीत त्यांनीच दाखवली: डोलकाठीवर तळवा टेकवायचा, ठोका हाताला लागतो. मग एकेक दोरी मुठीत धरायची. जी धरल्यावर ठोका थांबतो ती गुन्हेगार. चार होड्या वाजत होत्या, त्यातली एक सर्वांत जास्त. तिचे मालक कधीतरीच यायचे.

राखणदारांनी नंबर दिला. मी फोन केला तेव्हा मनात या वेळी राग नव्हता, वहीतल्या नोंदी होत्या. "दादा, तुमच्या होडीच्या डावीकडच्या दोरीचा आवाज रात्री आमच्याकडे येतो," एवढंच सांगितलं. ते पुढच्याच रविवारी आले, दोरी करकचून ताणली आणि मला फोन करून कळवलं.

दोन रात्री शांततेत गेल्या. तिसऱ्या रात्री वारा पाचच्या वर गेला आणि टणटण परत आली, आधीपेक्षा जलद.

दोरी ताणल्याने काय होतं ते तंबोऱ्याची तार लावणाऱ्याला ठाऊक असतं. बारा मीटर लांब, मीटरला ८० ग्रॅम वजनाची दोरी दहा किलोच्या ओढीने ताणली तर ती सेकंदाला सुमारे दीड वेळा झुलते. ओढ चौपट केली तर झोके दुप्पट, म्हणजे तीन. ताणाने झोक्याची रुंदी कमी होते, म्हणून हलक्या वाऱ्यात ती डोलकाठीपर्यंत पोहोचत नाही. जोराच्या वाऱ्यात पोहोचते, आणि तेव्हा ठोके दुप्पट वेगाने पडतात. शिवाय दोरी ओढीने हळूहळू सैलावते, मग पुन्हा पहिल्यासारखं.

खरा उपाय दोरीला डोलकाठीपासून दूर नेण्याचा. सामान बांधायची, दोन्ही टोकांना आकडे असलेली इलॅस्टिक दोरी घ्यायची, हॅलिअर्ड तिच्याने बाजूच्या पोलादी तारेकडे ओढून धरायची. किंवा दोरीचं सुटं टोक डोलकाठीच्या बुडाशी न ठेवता होडीच्या कडेच्या कठड्याला नेऊन अडकवायचं. विंड चाइममध्ये नळी आणि लोलक यांच्यात मोकळी जागा असते म्हणून ती वाजते. इथे लोलकच बाजूला बांधून टाकायचा. दादांनी ते लगेच मानलं. बाकीच्या तीन होड्यांवर राखणदारांनी मालकांना विचारून तेच केलं. त्यात दोरीची झीजही वाचते, कारण रोज रात्री हजारो वेळा धातूवर घासणारी दोरी लवकर विरते. हे कळल्यावर मालकांना माझी विनंती तक्रार वाटली नाही.

काकूंच्या ओसरीत

त्यानंतर मी काकूंकडे गेले. आधी माफी मागितली. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, "अगं, तू त्या दिवशी अशी आलीस की मला काही विचारताच आलं नाही."

मग त्यांनी चाइम का ठेवली आहे ते सांगितलं. त्यांची नजर अधू झाली आहे. झाडं हलतात का, ढग कुठून येतात, हे त्यांना दिसत नाही. चाइम वाजली की त्यांना कळतं, वारा आला, आता दारं-खिडक्या लावायच्या, बाहेर वाळत घातलेलं आत आणायचं. माझ्या लेखी ती शोभेची वस्तू होती आणि त्यांचं ते वारा पाहायचं साधन होतं. "काढून टाका" असं मी पहिल्या दिवशी म्हटलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. म्हणायच्या बेतात मात्र होते.

आम्ही एक साधी परीक्षा केली. त्या आत नेहमीच्या जागी बसल्या, मी ओसरीत एकेक नळी चमच्याने हलकेच वाजवली. ऐकू आली की त्यांनी हात वर करायचा. चार लांब नळ्यांना हात लगेच वर गेला. पाचवीला जरा थांबून. शेवटच्या तीन आखूड नळ्यांना हात वर गेलाच नाही. त्या तीन नळ्या मला सर्वात जास्त टोचत होत्या, आणि काकूंच्या त्या काहीच कामाच्या नव्हत्या.

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग काढ की त्या. माझ्यासाठी त्या आहेतच कुठे?"

तीन काढल्या, पाचवी त्यांच्या आग्रहाने ठेवली. लोलकाच्या कडेला जाड कापडाची पट्टी चिकटवली: मऊ वस्तूचा स्पर्श नळीशी थोडा जास्त वेळ टिकतो आणि त्यामुळे उंच स्वर कमी उठतात. पियानोचा कारागीर आणि तबलजी यांनाही हे आपापल्या परीने माहीत असतं. रात्री झोपताना काकू पट्टीचा आकडा वर अडकवून ठेवतात, मग लोलक हलत नाही. ही कल्पना त्यांचीच. मी सुचवली असती तर ती अट झाली असती.

उठता उठता त्या म्हणाल्या, "एक सांगू का? तुमच्या गच्चीवर काहीतरी हुंकारतं गं. वारा जोरात असला की भिंतीतून येतं. रात्रभर."

तिसरा आवाज

वहीत मी सहाव्या ब्यूफोर्टच्या रात्रींसमोर दोनदा लिहिलं होतं: "वाऱ्याचा आवाज, घुमल्यासारखा." वाऱ्याचा म्हणून सोडून दिला होता.

गच्चीवर कपडे वाळत घालायची प्लास्टिकचं आवरण असलेली पाच मिलिमीटरची तार आहे, दोन लोखंडी खांबांमध्ये ताणलेली. एक खांब जोडघरांच्या सामाईक भिंतीवर रोवलेला. वारा गोल वस्तूवरून जाताना मागे आळीपाळीने एकेका बाजूला भोवरे सुटतात. तारेतून येणाऱ्या या स्वराचा अभ्यास चेक शास्त्रज्ञ व्हिन्सेंझ स्ट्राउहाल यांनी १८७८ मध्ये मांडला. ढोबळ हिशोब सोपा आहे: वाऱ्याचा वेग भागिले तारेची जाडी, गुणिले ०.२. सेकंदाला साडेसात मीटर वारा आणि पाच मिलिमीटरची तार, उत्तर ३०० हर्ट्झ. वारा वाढला की स्वर चढतो. एकटी तार फारसा आवाज करत नाही, पण तिचा कंप खांबात आणि खांबाचा भिंतीत उतरतो, आणि भिंत मोठी असते.

तीनशे हर्ट्झ काकूंना स्वच्छ ऐकू येतात. माझी तार त्यांच्या उशाशी महिनोन्‌महिने घुमत होती. त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. वाटलं होतं, सांगून काय होणार, वारा काही कुणाच्या हातात नाही. मी मात्र त्यांच्या दारात जाऊन जाब विचारून आले होते.

त्याच संध्याकाळी तारेभोवती जाड सुतळी लांब अंतराच्या वेढ्यांनी गुंडाळली. उंच धुराड्यांवर सर्पिल पट्ट्या बसवतात त्याचं कारण हेच: वेढ्यांमुळे भोवरे तारेच्या पूर्ण लांबीवर एका तालात सुटू शकत नाहीत. खांबाच्या तळाशी रबराची चकती घातली. पुढच्या जोराच्या वाऱ्यात काकूंनी सकाळी भिंतीवर दोनदा ठोठावलं. तशी आमची खूण ठरली होती: आवाज नव्हता.

नंतर

उपायांच्या आधीच्या एकवीस रात्रींत मी सतरा रात्री उठले होते. नंतरच्या एकवीस रात्रींत चार. दोन्ही वेळचा वारा सारखा नव्हता, म्हणून या आकड्यांना मी यापेक्षा जास्त वजन देत नाही. पण त्या चारपैकी दोन रात्री मी नुसती जागी झाले, आवाज ऐकला, कुठला आहे ते ओळखलं आणि झोपले. पूर्वी जागी झाले की पुढचा ठोका कधी पडेल याची वाट पाहत तासभर जायचा.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या आगेमागे केलेले प्रयोग इथे मला पटतात. अनियमित, मोठा आवाज ऐकवल्यानंतर लोक कोडी लवकर सोडून देत आणि मुद्रितशोधनात जास्त चुका करत. काहींना एक बटण दिलं होतं: फारच झालं तर दाबा, आवाज थांबेल. त्यांतल्या बहुतेकांनी ते दाबलंच नाही, आणि तरी त्यांचं नंतरचं काम चांगलं झालं. आज संध्याकाळी काकूंच्या पाच नळ्या वाजतात तेव्हा माझं काम अडत नाही. नळ्या कमी झाल्या हे एक कारण. काकूंना हाक मारता येते, हे दुसरं, आणि मला वाटतं ते मोठं.

सगळं सुटलेलं नाही. एका होडीच्या डोलकाठीच्या आत दिव्याच्या तारा सैल आहेत. खाडीतून यांत्रिक होडी गेली की लाटेने ती होडी डुलते आणि आतून टुक्-टुक् येतं, वारा पूर्ण पडलेला असला तरी. ते थांबवायचं तर डोलकाठी उतरवून तारांना आतल्या आत आधार द्यावा लागतो, आणि ती उतरवायची वेळ अजून आलेली नाही. मालकांनी त्या वेळी करायचं कबूल केलं आहे. तोवर मी लाटा मोजते. साधारण दहा-बारा डुलण्यांनंतर होडी स्थिरावते.

इलॅस्टिक दोऱ्या ऊन आणि खारी हवा खाऊन कडक होतात, ताण सोडतात. वहीचे तीन रकाने मी आता भरत नाही, पण शेवटच्या पानावर चार होड्यांची नावं आणि दोऱ्या बदलल्याच्या तारखा आहेत. राखणदार त्यांच्या खोलीत सहा जादा दोऱ्या ठेवतात. गेल्या आठवड्यात दोन बदलल्या.